पिशोरचं चित्र

१७ जानेवारी २०१६, रविवार

कंपनीची डायरी दरवर्षी माझ्या लेकीच्या, ओवीच्या चित्रांत संपते. यंदा ती मी हिसकावून घेतली आहे, कारण आज केलेला पराक्रम कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि बायकोने, सायलीने, तो येताना गाडीतच तीनदा ऐकलाय.

आज गावी, पिशोरला जाऊन आईच्या ओसरीत कॅमेरा बसवला. वडील, आमचे दादा, गेल्यापासून आई तिथं एकटी असते आणि इथं माझा जीव टांगणीला. ऑफिसातला एक भंगारात काढलेला कॉम्प्युटर साहेबांना सांगून मागून घेतला होता. तो आतल्या खोलीत धान्याच्या कोठीवर ठेवला, त्याला इंटरनेटचं डोंगल लावलं, कॅमेरा ओसरीच्या आढ्याला टांगला. ओसरीचं चित्र त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटतं आणि तो पडदा जसाच्या तसा मला वाळूजला कंपनीत माझ्या टेबलावर दिसतो. लाईट जाऊन आली तर कॉम्प्युटर आपला आपण उठेल, अशीही सोय केली. कंपनीत इतकी वर्षं लोकांचे अडकलेले प्रिंटर सोडवण्यात गेली, पण विद्येचा घरच्यांना उपयोग आज पहिल्यांदा झाला.

मॉनिटर ऑफिसचा होता, तो परत आणला. एकदा चालू झाल्यावर तिथं पडद्याची गरज काय? बघायचं मला आहे.

आई म्हणाली, "म्हंजी तू मला दिसशील का?"

म्हटलं, नाही, तू मला दिसशील.

"बरं," म्हणाली. "कुनाला तरी कोन तरी दिसलं म्हंजी झालं."

तिला शहरात आणायचं आहेच. पण आमची सोसायटी बायपासच्या पलीकडे. इमारत महिन्याला एक उभी राहते, नळ मात्र अजून आलेला नाही. टँकर आला तर पाणी, आणि आईचा हात पाण्याला सढळ. पाऊस झाला की आणू असं मी ठरवलंय. आईलाही सांगितलं. "मी बरी हाय हितं," म्हणाली. तिचा आग्रह नाही, हे एक बरं आहे.

१९ जानेवारी

दिवसभर पडद्याच्या कोपऱ्यात आई. ओसरीत बसून तूर पाखडते, शेजारच्या भागामावशीशी बोलते, तिची शेळी हाकलते. जेवायच्या वेळी तिने कॅमेऱ्याकडे बघून ताटली वर धरली. भाकरी आणि पिठलं. जेवते आहे बघ, असं सांगत होती. शेजारच्या टेबलावरचे कुलकर्णी म्हणाले, असा मुलगा सगळ्यांना मिळो. मान वळवून मी कामाला लागलो, पण छाती फुगली होती हे खरं.

२३ जानेवारी

चित्र गेलं. नुसता काळा चौकोन. पिशोरला रात्री लाईट गेली होती म्हणे. कॉम्प्युटर उठलाय, इथून तो सापडतोही, पण दाखवत काही नाही.

आईला फोन लावला.

"आई, कॉम्प्युटरच्या डब्यावर हिरवा दिवा आहे का?"

"हाय. पेटलाय."

"त्याच्याखालचं गोल बटण दाबून धर. दिवा गेला की सोड, मग पुन्हा दाब."

बराच वेळ नुसती धाप ऐकू येत होती. "थांब बाबा. कोठीपतूर जाऊन आले तर दम लागला." म्हटलं, बस थोडी, मग सावकाश जा आणि दाब. गेली बिचारी. दोनदा दाबलं. उपयोग शून्य.

२७ जानेवारी

आईला रोज फोन चाललाय. कधी बटण, कधी डोंगल, कधी मागची वायर. मध्येच ती ओवीचं विचारते, टँकरवर काय भांडणं झाली ते सांगते. मी म्हणतो, आई, आधी दिवा बघ. रविवारी जावंच लागणार.

३१ जानेवारी, रविवार

शहरातल्या शहागंज बाजारातून एक जुना मॉनिटर घेतला आणि पिशोर गाठलं. लावला, तर 'सिग्नल नाही'. कॉम्प्युटरचा पंखा फिरतोय, दिवा पेटलाय, आणि समोर लावलेला पडदा त्याला दिसेना. निम्मा दिवस वायरी बदलण्यात गेला. शेवटी वैतागून, मॉनिटर तसाच लावलेला ठेवून, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. लख्ख चित्र!

म्हणजे दुखणं असं होतं. हा कॉम्प्युटर उठताना एकदाच बघतो, समोर पडदा आहे का. नसला, तर चित्र काढायच्या भानगडीतच पडत नाही. नंतर तुम्ही कितीही पडदे आणून लावा, ओळख दाखवणार नाही. त्या रात्री लाईट आल्यावर तो पडद्याविना उठला आणि रुसून बसला. आता हा मॉनिटर इथंच लावून ठेवायचा.

आईला हे नीट समजावून सांगितलं. तिने मन लावून ऐकलं. मग मॉनिटरच्या निळ्या तोंडाच्या वायरीला बोट लावून म्हणाली, "म्हंजी ही काढली न् बटन बंद-चालू केलं, की तुला दिसायचं बंद?"

"हो. म्हणून हात लावायचा नाही."

"नाय लावत," म्हणाली. शाळेत चौथीपर्यंतच गेली, पण डोकं काय तल्लख! मला कौतुक वाटलं.

शेंगोळे केले होते. दोनदा वाढून घेतले. निघताना ती गाडीला हात लावून उभी राहिली. उशीर होत होता.

१२ फेब्रुवारी

सगळं सुरळीत. फोन करायला सवड झाली नाही, पण दिसतेच की. हल्ली ती कॅमेऱ्याकडे बघून बोलते. सकाळी केर काढून झाला की खाली उभी राहते, पदर सारखा करते आणि ओठ हलतात. कॅमेऱ्याला आवाज नाही, स्वस्तातला आहे. तिचं ते गंभीर तोंड बघून हसू येतं.

२० फेब्रुवारी

पुन्हा काळं. वास्तविक लाईटही गेली नव्हती. फोन लावला तर आई एकदम ताजीतवानी. "व्हय का, गेलं का? मंग येतूस का उद्या?"

२१ फेब्रुवारी, रविवार

निळी वायर मॉनिटरमधून निघून लोंबत होती. दोन्ही बाजूंचे स्क्रू सुटलेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी रात्रभर सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या.

उंदीर वायर कुरतडतील, स्क्रू फिरवणार नाहीत. म्हणून शेजारच्या भागामावशीला विचारलं. ती आईची सोबतीण, दिवसातून दहा वेळा येते, झाडतापुसताना हात लागला असेल. "म्या कशाला हात लावू रं तुझ्या डब्याला?" म्हणाली आणि आईकडे बघायला लागली. आई चुलीत लाकडं सारत होती. जाऊ द्या. वायर लावली, स्क्रू पकडीने आवळले.

आई म्हणाली, "लई घट्ट नको करू बाबा. उंद्या काढायचं म्हनलं तर निघायचं नाय."

"काढायचं कशाला?"

"नाय, आपलं म्हनलं."

मी यायच्या आधीच शेंगोळ्याचं पीठ मळून तयार होतं. येतो असं नक्की सांगितलंही नव्हतं. आई ती आई.

६ मार्च, रविवार

तीच रड. तीच वायर. स्क्रूच्या कडा चेपल्यात. आई म्हणते, "म्या काय करू, तुझं यंत्रच नाटकी हाय." जेवून जरा आडवा झालो तर डोक्याला तेल लावत बसली. खरं सांगायचं तर झोप छान लागली.

गाडीपाशी भागामावशीने गाठलं. "बद्री, तिला डागदरला दाव. पाय सुजत्यात. कोठीपतूर गेली तरी धापा टाकती." मी म्हटलं, कॅमेऱ्यात तर बरी दिसते. मग आठवलं, पाय लुगड्यात झाकलेले, ते कॅमेऱ्यात दिसत नाहीत. परत आत जाऊन आईला विचारलं. "उन्हानं सुजत्यात," म्हणाली. "तुझा मार्च हाय ना? तुझं काम कर." मार्च संपला की शहरात आणून दाखवायचं, नक्की.

२७ मार्च, रविवार

पुन्हा पिशोर. साहेब कुरकुरतात, रविवारी कंपनीत या म्हणतात. परत आलो तर सोसायटीत टँकर येऊन गेलेला, आणि सायलीने एकटीने बादल्या वर चढवलेल्या. दुष्काळात तेरावा महिना. मला वाटलं आता भांडण. तर म्हणाली, "दर रविवारी जाता त्यापेक्षा आईंना घेऊनच या ना. दोन बादल्या कमी वापरू. ओवीच्या खोलीत झोपतील."

मी म्हटलं, उन्हाळा आहे, इथं तिचे हाल होतील, पाऊस झाला की बघू.

"हाल तिथं होत नाहीत का?" म्हणाली.

तिला टँकरची रांग पुरती कळलेली नाही. शिवाय मूळ दुखणं आईचं नाहीच, त्या वायरीचं आहे.

१० एप्रिल, रविवार

सापडलं! पडदा नसतानाही कॉम्प्युटरला पडदा आहे असं वाटायला लावता येतं. वायर जिथं लागते त्या भोकांत तीन बारीक रेझिस्टर खोचायचे. उठताना तो चाचपून बघतो, त्याला हाताला काहीतरी लागतं, आणि तो समजतो की समोर मॉनिटर आहे.

शहागंजात गेलो. दुकानदाराला सांगितल्यावर त्याने ड्रॉवरमधून मूठभर काढून दिले आणि हसला. "मशीन कू क्या मालूम पडता साब, सामने कोई है की नै. उसकू बस लगना होना." मलाही हसू आलं. घरी येऊन प्लग तयार केला. इतकं हलकंफुलकं वाटलं की ओवीला आईस्क्रीम खायला नेलं.

१७ एप्रिल, रविवार

काम फत्ते. मॉनिटर काढून गाडीत टाकला. प्लग खोचला, वर टेप गुंडाळला आणि कॉम्प्युटर कोठीमागे भिंतीतल्या कोनाड्यात सरकवला. आता उंदराच्या बापालाही सापडायचा नाही. बंद-चालू करून पाहिला. पडद्याविना उठला, आणि मोबाईलवर ओसरी लख्ख.

आईला दाखवलं. मोबाईलमध्ये स्वतःला बघून तिने पदर सारखा केला.

"मंग आता ह्ये कदीच जायाचं नाय?"

"कधीच नाही. लाईट गेली तरी नाही. तुला आता बटणं दाबायला नको की काही नको."

मोबाईल परत देऊन ती कोठीकडे बघत राहिली. एवढ्याशा वस्तूने एवढं काम केलं याचं नवल वाटलं असावं. डॉक्टरचं बोलायचं राहिलं. मार्च संपल्यावर म्हणालो होतो खरा, पण परतीची घाई झाली. तशी ती बरीच वाटली, जरा गप्प होती इतकंच.

२ मे

त्या दिवसापासून चित्र एकदाही गेलं नाही. पिशोरला जावं लागलं नाही, फोनही करावा लागला नाही. रविवार पुन्हा माझे झाले.

काल ओवी माझ्याजवळ बसून बघत होती. आई खाली उभी राहून बोलत होती, नेहमीसारखी.

"बाबा, आजी काय म्हणते?"

"आवाज नाही येत गं त्याला."

"आजीला माहितीये?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फोन करेन तेव्हा सांगायला हवं. ओवी नाक लावून बसली आणि म्हणाली, "आत्ता 'बद्री' म्हणाली. बघा, परत म्हणाली."

९ मे

अक्षय्य तृतीया. आई आखाजी म्हणते. मातीची नवी घागर पाण्याने भरून बापाच्या नावाने पुजायची, ते मुलाचं काम. दादा गेल्यापासून एकदाही चुकवलं नव्हतं. पण आज सोमवार, सुट्टी मागायला तोंड नव्हतं, आणि म्हटलं, दिसतंय की सगळं.

आईने ओसरीत बरोबर कॅमेऱ्याखाली पाट मांडला. घागर टँकरच्या पाण्याने भरली असणार. पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला आणि वर बघून हाताने ये, ये केलं. मी टेबलावरूनच हात जोडले. ती बराच वेळ तशीच बसली. नैवेद्यावरच्या माशा वारत होती. मग तिने स्वतःच घागरीला हात जोडले.

संध्याकाळी फोन करायचा असं ठरवलं, पण सर्व्हर बंद पडला आणि राहून गेलं.

१६ मे

आईने बाज ओसरीत कॅमेऱ्याच्या अगदी खाली ओढून आणली आहे, किंवा भागामावशीने आणून दिली असेल. त्यामुळे चेहरा चांगला दिसतो. आज हात छातीवर ठेवून कितीतरी वेळ काही सांगत होती, अधूनमधून थांबून. देवाचं काही म्हणत असेल. उन्हाने वाळली आहे. जूनमध्ये नक्की आणतो.

२५ मे, बुधवार

दुपारी लिहितोय. आज चित्र अडकलं. आई खांबाला टेकून बसलेली, मान एका बाजूला, आणि सकाळच्या चहापासून चित्र हलेना. नेटवर ताण आला असणार. इथूनच कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पूर्वी असं करायची सोय नव्हती, पडद्याविना उठला की काळाच. पण माझा प्लग! पहिल्या फटक्यात उठला आणि चित्र परत आलं. आई तशीच, खांबाला टेकून. म्हटलं, परत अडकलं. पुन्हा बंद करणार, तेवढ्यात भागामावशीची शेळी चौकटीत आली आणि अंगण ओलांडून गेली. म्हणजे चित्र चालू आहे. आईचा डोळा लागला असेल, ऊन फार आहे.

आता मीटिंगला जातो.

७ जून

लिहायला आज बसलो.

त्या दिवशी मी मीटिंगमध्ये होतो आणि मोबाईल टेबलावर वाजत होता. बाहेर आलो तेव्हा भागामावशीचे फोनावर फोन येऊन गेलेले. पडद्यावर बघितलं तर ओसरी माणसांनी भरलेली, आणि आई दिसत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलं होतं, पायांना सूज असेल बऱ्याच दिवसांची, दाखवायला हवं होतं. ती नेमकी कधी गेली ते सांगता येत नाही म्हणाले. सकाळी गेली असेल, दुपारी गेली असेल. मी ते बंद-चालू केलं तेव्हा ती होती की नव्हती, हे मला आता कधीच कळणार नाही. मी ते डोळ्यांनी बघत होतो आणि मला कळलं नाही.

दहाव्याला सगळे उठून गेल्यावर भागामावशी जवळ येऊन बसली. निळी वायर आईच काढायची, हे तिने सांगितलं. चुलीवरच्या सांडशीने स्क्रू फिरवायची, धापा टाकत टाकत. "मला म्हनली, सांगू नको. चित्र गेलं की बद्री फोन करतो, न्हाय जमलं तर येतो. मंग तू तो दुसरा नाद केलास, आन् डबा भिंतीत सारलास. तितं तिचा हात पोचंना."

मी विचारलं, मग दुखत होतं तर मला फोन का केला नाही?

"अरं, सांगितलं की तिनं तुला! रोज सांगायची. छातीत कळ येती, लवकर ये, असं हितं बाजंवर बसून सांगायची. म्या म्हनायचे फोन लावू का, तर म्हनायची, कशाला, बद्री ऐकतोय, कामातनं मोकळा झाला की येईल."

त्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता हे मी भागामावशीला सांगितलं नाही. सायलीलाही नाही. ओवीला माहीत आहे.

१४ जून

कामावर जातोय. कॅमेरा काढायला हात होत नाही. रिकामी ओसरी दिवसभर कोपऱ्यात दिसत राहते. कुलकर्णींनी एकदा ती खिडकी बंद करायला हात पुढे केला आणि मी त्यांच्यावर ओरडलो.

आज जेवणाच्या सुट्टीत भागामावशीला फोन लावला. काम काही नव्हतं. तिचा आवाज ऐकावासा वाटला, एवढंच.

तिने उचलला तो घाबरूनच. "काय झालं रं बद्री? चित्र गेलं का?"

"नाही मावशी, चित्र आहे."

"मंग डब्याचं काय झालं का? बघून यिऊ का?"

"नाही. सहज केला."



"सहज?" ती म्हणाली. मग, "असा येखादा तिला करायचास रं बाबा." रागाने नाही म्हणाली.

"व्हय मावशी," म्हटलं. कॅन्टीनमध्ये लोक जेवत होते. मी रडत होतो आणि ती तिकडे रडत होती, आणि बराच वेळ आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही.